लिनक्सचा पासवर्ड विसरला, तर जुना कुणीच का सांगू शकत नाही?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ला मिळणारे नेहमीचे मोफत अपडेट थांबले. मुंबईतल्या कितीतरी छोट्या ऑफिसांत, क्लासेसमध्ये, सोसायट्यांच्या कचेऱ्यांत चांगले चालणारे कॉम्प्युटर होते, पण ते विंडोज ११ च्या अटींत बसत नव्हते. नवे घ्यायचे तर खर्च. मग लॅमिंग्टन रोडला नेऊन एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, बसवून घेतली, त्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली टाकली, उबुंटू नाहीतर लिनक्स मिंट या नावाची, आणि मशिन पुन्हा पळायला लागलं. अशी कामं मीही करतो. महिना-दोन महिने बरे जातात आणि मग फोन येतो, "दादा, पासवर्ड विसरले हो. तुम्हीच लिनक्स टाकून दिलं होतं ना? मग जरा बघून सांगा की काय होता तो."

बघून सांगता येत नाही म्हटलं, की समोरच्या माणसाला वाटतं, याला एकतर येत नसावं किंवा हा टाळतोय. खरं कारण वेगळं आहे. तो पासवर्ड त्या कॉम्प्युटरमध्ये कुठेही लिहून ठेवलेला नसतो. ही एक गोष्ट नीट कळली, की पुढच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं आपोआप मिळतात. नवा पासवर्ड कोण देऊ शकतो, तो दिल्यावर काय हरवतं, लॅपटॉप चोरीला गेला तर आतल्या फायलींचं काय होतं आणि नोकरी सोडून गेलेल्या माणसाचं खातं नुसता पासवर्ड बदलून बंद का होत नाही, हे सगळं तिथूनच सुरू होतं.

लिहून ठेवला नाही, मग ओळखतो कसा?

गिरणीत गहू दिले की पीठ मिळतं. त्या पिठातून तेच गहू परत काढून द्या म्हटलं तर कुठल्याही गिरणीवाल्याला ते जमणार नाही. लिनक्स पासवर्डचं असंच दळण करतं आणि फक्त पीठ जपून ठेवतं. या पिठाला हॅश म्हणतात. तुम्ही लॉगिनच्या चौकटीत पासवर्ड टाकता तेव्हा लिनक्स तो त्याच रीतीने पुन्हा दळतं आणि निघालेलं पीठ जपून ठेवलेल्या पिठाशी ताडून बघतं. दोन्ही तंतोतंत जुळली तर तुम्हाला आत घेतं. एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरी पीठ पार वेगळं निघतं. म्हणून "जवळपास बरोबर होता" असं लिनक्स कधी सांगत नाही, त्याला ते कळूच शकत नाही.

एवढा खटाटोप कशासाठी, तर आधी ठेच लागली म्हणून. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या एमआयटीत सीटीएसएस नावाची प्रणाली होती. एकच मोठा कॉम्प्युटर अनेक जण आपापल्या खात्यातून वापरत. सगळ्यांचे पासवर्ड एका फायलीत जसेच्या तसे लिहिलेले होते. एकदा दोन फायलींची अदलाबदल झाली. एक होती लॉगिन करताना सर्वांना दिसणारी रोजच्या सूचनेची आणि दुसरी पासवर्डची. त्यानंतर जो जो लॉगिन करत गेला, त्याच्यासमोर सगळ्यांचे पासवर्ड झळकले. यात कुणी चोर नव्हता आणि हल्लाही झाला नव्हता. फाइल होती, म्हणून ती फुटली.

पुढे अमेरिकेतल्याच बेल लॅब्स या संशोधन संस्थेत युनिक्स नावाची प्रणाली घडवताना ही गोष्ट लक्षात ठेवली गेली. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी १९७९ मध्ये यावर एक निबंध प्रसिद्ध केला. पासवर्ड साठवायचाच नाही, त्याचा हॅश साठवायचा, हा विचार त्यात नीट मांडलेला आहे. त्याच निबंधात त्यांनी लोकांचे ३,२८९ पासवर्ड तपासल्याची नोंद आहे. त्यातले २,८३१, म्हणजे ८६ टक्के, इतके आखूड किंवा इतके साधे होते की सहज शोधून काढता आले. साधे पासवर्ड ठेवायची खोड मोबाइलच्या पिढीला लागली असं कुणी म्हणतं तेव्हा मला हा आकडा आठवतो. युनिक्सच्या धर्तीवर लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स आणलं आणि हीच पद्धत त्यातही आली.

त्या एका ओळीत काय काय असतं?

लिनक्समध्ये इटीसी नावाचं फोल्डर असतं. त्यात पासडब्ल्यूडी नावाची एक फाइल आहे. इंग्रजी पासवर्ड या शब्दातली ओ आणि आर ही दोन अक्षरं गाळली की हे नाव तयार होतं. नाव पासवर्डचं असलं तरी आज त्यात पासवर्डचा अंशही नाही. खात्याचं नाव, क्रमांक, होम फोल्डर एवढीच माहिती असते आणि हॅशच्या जागी एक्स हे अक्षर. पूर्वी हॅश तिथेच असायचे, आणि ती फाइल मशिन वापरणाऱ्या कुणालाही वाचता यायची. मग कुणीतरी तिची प्रत घेऊन घरी निवांत एकेक शब्द दळून बघायचं. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात युनिक्समध्ये हॅश वेगळ्या फायलीत हलवण्याची पद्धत आली. त्या फायलीचं नाव शॅडो. ती सामान्य खात्यातून उघडत नाही.

सुनंदा नावाच्या खात्याची शॅडोमधली ओळ साधारण अशी असते. प्रत्यक्षात अक्षरं रोमन असतात, इथे देवनागरीत उतरवली आहेत.

सुनंदा:$वाय$जे९टी$…$…:२०४५४:०:९९९९९:७:::

सुरुवातीला नाव. मग दोन विसर्गचिन्हांमधला लांबलचक मजकूर, जो मी ठिपक्यांनी दाखवला आहे, तो हॅशचा. त्यातला वाय सांगतो की दळण्याची रीत येसक्रिप्ट आहे. उबुंटू २२.०४ आणि डेबियन या दुसऱ्या लिनक्सच्या ११ व्या आवृत्तीपासून हीच रीत ठरलेली आहे. त्याआधीच्या मशिनवर इथे ६ चा आकडा दिसतो, म्हणजे एसएचए-५१२ ही रीत. जे९टी म्हणजे किती मेहनतीने दळायचं याची खूण. येसक्रिप्ट मुद्दाम सावकाश चालतं आणि मेमरीही भरपूर खातं. तुम्हाला दिवसातून दोन-चार वेळा लॉगिन करताना तो क्षणभराचा उशीर जाणवत नाही, पण अब्जावधी शब्द दळून बघायला निघालेल्या चोराचा त्यात जीव जातो.

जे९टीनंतरचा तुकडा सॉल्टचा. सुनंदाताईंनी आणि शेजारच्या टेबलावरच्या प्रकाशरावांनी नकळत एकच पासवर्ड ठेवला, तर दोघांचा हॅश सारखाच यायला हवा आणि एकाचा फुटला की दुसऱ्याचाही फुटायला हवा. तसं होऊ नये म्हणून लिनक्स दळण्याआधी प्रत्येकाच्या पासवर्डमध्ये स्वतः तयार केलेली काही अक्षरं मिसळतं. प्रत्येकाला वेगळी. तीच सॉल्ट. ती गुप्त नसते, हॅशला लागूनच लिहिलेली असते. लाखो शब्दांचे हॅश आधीच तयार करून ठेवायचे आणि नुसते ताडून बघायचे, हा चोराचा सोपा मार्ग तिच्यामुळे बंद होतो. १९७९ च्या त्या निबंधात सॉल्टचे ४,०९६ प्रकार शक्य होते. आज ही संख्या इतकी मोठी आहे की तो धोका उरलेला नाही.

पुढचा २०४५४ हा आकडा बघून लोक गोंधळतात. १ जानेवारी १९७० पासून मोजलेले हे दिवस आहेत. २०४५४ म्हणजे १ जानेवारी २०२६. सुनंदाताईंनी त्या दिवशी पासवर्ड बदलला होता. शून्याचा अर्थ, पुन्हा बदलायला किमान किती दिवस थांबावं लागेल, तर थांबायची गरज नाही. ९९९९९ म्हणजे किती दिवसांनी बदलायलाच हवा. याची सुमारे २७४ वर्षं होतात, म्हणजे सक्ती नाही. सात म्हणजे मुदत संपायच्या किती दिवस आधी सूचना द्यायची. मोकळ्या राहिलेल्या जागांपैकी दुसरीत खातं कधी बंद व्हावं ती तारीख येऊ शकते. ती जागा लक्षात ठेवा, शेवटी कामाला येईल.

स्वतःचा पासवर्ड स्वतः बदलताना

पासवर्ड आठवतोय आणि फक्त बदलायचा आहे, तर काम सोपं आहे. सेटिंग्जमध्ये वापरकर्त्यांचा विभाग असतो, तिथून बदला. किंवा टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडून पासडब्ल्यूडी ही आज्ञा द्या. पी, ए, दोनदा एस, डब्ल्यू, डी, आणि एंटर. आधी सध्याचा पासवर्ड विचारला जातो, मग नवा, मग तोच नवा पुन्हा एकदा.

टाइप करताना पडद्यावर काहीही उमटत नाही. ठिपके नाहीत, चांदण्या नाहीत, कर्सरसुद्धा जागचा हलत नाही. पहिल्यांदा करणारा प्रत्येक जण इथे थबकतो आणि कीबोर्ड बिघडला समजतो. अक्षरं आत जात असतात. पासवर्ड किती अक्षरांचा आहे हेही मागे उभ्या माणसाला कळू नये, म्हणून हे असं ठेवलेलं आहे. निर्धास्त टाइप करून एंटर दाबा.

जाणकार वाचकाला इथे एक प्रश्न पडेल. शॅडो फाइल सामान्य खात्यातून उघडतसुद्धा नाही, मग सुनंदाताई त्यात आपला नवा हॅश कसा लिहितात? त्या लिहीत नाहीत, पासडब्ल्यूडी हा प्रोग्रॅम लिहितो. लिनक्समध्ये रूट नावाचं सर्वाधिकारी खातं असतं. या प्रोग्रॅमला कुणीही चालवलं तरी तो रूटच्या अधिकाराने चालतो. हा अधिकार अगदी मोजका वापरला जातो. आधी जुना पासवर्ड विचारून माणूस तोच आहे याची खात्री, आणि मग फक्त त्याच्याच ओळीत बदल. जुना पासवर्ड विचारणं काहींना जाच वाटतो. पण तुम्ही स्क्रीन उघडी ठेवून चहाला खाली गेलात, तर तेवढ्या वेळात कुणी तुमचा पासवर्ड बदलून तुम्हालाच बाहेर काढू नये, ते याच्यामुळेच.

खरंच विसरलात का, आधी हे बघा

आपल्याकडे एक गोष्ट हमखास घडते. ऑफिसात मराठी टायपिंगसाठी इनस्क्रिप्ट चालू केलेलं असतं. स्क्रीन लॉक होते, परत येऊन इंग्रजी पासवर्ड टाइप केला जातो, आणि ठिपक्यांआड प्रत्यक्षात देवनागरी अक्षरं पडत असतात. माणूस हताश होतो, कारण बोटं तर बरोबरच चाललेली असतात. लॉगिनच्या पडद्यावर कोपऱ्यात भाषेची खूण असते, ती इंग्रजी करून बघा. कॅप्स लॉक बघा. पासवर्डमध्ये आकडे असतील आणि ते उजवीकडच्या चौकोनातून टाकत असाल तर नम लॉक बघा. विसरलो म्हणून आलेले फोन बरेचदा इथेच मिटतात.

याच कारणासाठी लिनक्सचा पासवर्ड देवनागरीत ठेवू नये असं माझं मत आहे. आपल्या भाषेतला पासवर्ड ठेवायला मलाही आवडला असता. पण मशिन अडलं, की ज्या काळ्या पडद्यावर जावं लागतं तिथे देवनागरी टाइप करायची सोय नसते. मराठी शब्द रोमन अक्षरांत लिहून ठेवा.

खरोखरच विसरला असेल तर

दोन मार्ग आहेत. त्या मशिनवर ॲडमिनचे अधिकार असलेलं दुसरं खातं असेल, तर त्यातून लॉगिन करून टर्मिनलमध्ये सुडो, मग पासडब्ल्यूडी, मग विसरलेल्या खात्याचं नाव, असं लिहायचं. सुडो म्हणजे ही एक आज्ञा रूटच्या अधिकाराने चालव. ते स्पेलिंग एस, यू, डी, ओ. आधी त्या ॲडमिनचा स्वतःचा पासवर्ड विचारला जातो. विसरलेला मात्र विचारलाच जात नाही, त्या खात्यासाठी थेट नवा मागितला जातो. म्हणून ऑफिसात लिनक्स टाकताना ॲडमिनची दोन खाती ठेवावीत असा माझा आग्रह असतो. दुसऱ्याचा पासवर्ड कागदावर लिहून, पाकीट बंद करून, मालकाच्या कपाटात.

नवा पासवर्ड द्यायला जुना लागत नाही, हे वाक्य आपल्या आईवडिलांना आणि ऑफिसातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. कुणी फोन करून "दुरुस्तीसाठी तुमचा सध्याचा पासवर्ड सांगा" म्हणालं, तर फोन ठेवून द्यायला एवढं कारण पुरेसं आहे. खऱ्या ॲडमिनला त्याची गरज पडत नाही.

दुसरं खातंच नसेल तर मशिन सुरू होतानाच अडवावं लागतं. उबुंटू आणि मिंटमध्ये सुरू होताना जुन्या मशिनवर शिफ्ट धरून ठेवा, नव्यावर एस्केप दाबा. ग्रब नावाचा मेनू येतो. त्यातल्या ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये रिकव्हरी मोड लिहिलेली ओळ निवडा, पुढच्या यादीत रूट निवडा. रूटला पासवर्ड दिलेलाच नसेल, आणि या दोन्हींत सहसा तो नसतो, तर काळ्या पडद्यावर थेट रूटचा अधिकार मिळतो. तिथे पासडब्ल्यूडी, एक जागा सोडून खात्याचं नाव, आणि दोनदा नवा पासवर्ड. कधी कधी इथे ऑथेंटिकेशन टोकन मॅनिप्युलेशन एरर अशी भीतिदायक ओळ येते. बहुतेक वेळा तिचा अर्थ एवढाच, की डिस्क सध्या फक्त वाचण्यासाठी उघडलेली आहे, तिच्यावर लिहिता येत नाही. माउंट, मग वजाचं चिन्ह आणि ओ, मग रीमाउंट स्वल्पविराम आरडब्ल्यू, आणि शेवटी तिरकी रेघ, ही आज्ञा देऊन पुन्हा प्रयत्न करा. रेड हॅटच्या घराण्यातल्या लिनक्सची वाट थोडी वेगळी आहे. तिथे एसई लिनक्स नावाचा आणखी एक पहारा असतो, आणि पासवर्ड बदलल्यावर त्याला फायलींवरच्या खुणा पुन्हा तपासायला सांगावं लागतं. ते विसरलं तर नवा पासवर्ड बरोबर असूनही लॉगिन होत नाही.

हे सगळं स्वतःच्या किंवा मालकाने सांगितलेल्या मशिनवरच. दुसऱ्याच्या मशिनमध्ये वाईट हेतूने शिरणं माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६ खाली गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

"म्हणजे कुणीही येऊन बदलू शकतो? मग पासवर्डचा उपयोग काय?"

हा आक्षेप अगदी रास्त आहे आणि त्याचं उत्तर लपवण्यात अर्थ नाही. ज्याच्या हातात मशिन आहे आणि ज्याच्याकडे निवांत वेळ आहे, त्याला लॉगिनचा पासवर्ड अडवू शकत नाही. हे विंडोजलाही लागू आहे. ग्रबला पासवर्ड लावता येतो, मशिन सुरू करणाऱ्या बायोस या मूळ प्रोग्रॅमला लावता येतो, पण डिस्क स्क्रू काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली की दोन्ही मागे पडतात. लॉगिनचा पासवर्ड शेजारच्या टेबलावरच्या माणसापासून आणि नेटवर्कवरून येणाऱ्यापासून तुम्हाला वाचवतो. लोकलच्या रॅकवर राहिलेला लॅपटॉप उचलून नेणाऱ्यापासून तो वाचवत नाही.

तिथे एनक्रिप्शन लागतं, म्हणजे डिस्कवरचा मजकूरच किल्लीशिवाय वाचता येणार नाही असा करून ठेवणं. लिनक्समध्ये यासाठी लक्स नावाची पद्धत आहे. उबुंटू किंवा मिंट टाकताना डिस्क एनक्रिप्ट करायची का असं विचारलं जातं. घाईत ती खूण न करताच लोक पुढे जातात. लॅपटॉपवर ती करावीच, विशेषतः ज्यात पक्षकारांची कागदपत्रं, रुग्णांचे रिपोर्ट किंवा विद्यार्थ्यांची माहिती आहे. ती माहिती दुसऱ्यांची आहे आणि विश्वासाने तुमच्याकडे दिलेली आहे.

लक्सचा पासवर्ड आणि लॉगिनचा पासवर्ड वेगळे असतात. एक बदलल्याने दुसरा बदलत नाही. मशिन सुरू होताना पहिल्यांदा विचारला जातो तो लक्सचा. तो विसरलात तर वर सांगितलेला रिकव्हरी मोड काही कामाचा नाही, कारण त्याच्यापर्यंत पोहोचायलाच डिस्क उघडावी लागते. हॅश निदान बदलून टाकता येतो, इथे बदलायला काही हातीच लागत नाही. बॅकअप नसेल तर डेटा गेला. म्हणून लक्समध्ये एकाच डिस्कला अनेक पासवर्ड ठेवायची सोय आहे. जुन्या आवृत्तीत आठ, नव्या आवृत्तीत बत्तीसपर्यंत. दुसरा एक लांब पासवर्ड ठेवून तोही त्या कपाटातल्या पाकिटात टाकावा.

नवा पासवर्ड चालला, पण क्रोममधले पासवर्ड गेले

गिरगावातल्या एका छोट्या कर सल्लागाराच्या ऑफिसात विवरणपत्रांच्या ऐन दिवसांत हे घडलेलं मी पाहिलं आहे. तिथल्या ताईंचा पासवर्ड ॲडमिनने बदलून दिला. लॉगिन झालं, सगळ्यांना हायसं वाटलं. क्रोम उघडला तर एक चौकट आली, कीरिंग उघडण्यासाठी पासवर्ड द्या. ताईंनी नवा टाकला. नाही. पुन्हा टाकला. नाही. क्रोममध्ये साठवलेले पोर्टलचे सगळे पासवर्ड दिसेनासे झाले होते, आणि ते दुसरीकडे कुठेच लिहिलेले नव्हते. त्या खुर्चीतून उठल्या आणि नुसत्या खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या.

कीरिंग म्हणजे लिनक्समधली पासवर्डांची तिजोरी. ती तुमच्या लॉगिनच्या पासवर्डने एनक्रिप्ट केलेली असते. तुम्ही स्वतः, जुना पासवर्ड देऊन, बदल केलात तर लिनक्सकडे त्या क्षणी जुना आणि नवा दोन्ही असतात. त्यामुळे ते तिजोरीचा पासवर्डही बदलून टाकतं. ॲडमिनने बाहेरून बदलला तर जुना कुणाकडेच नसतो. तिजोरी जुन्याच पासवर्डवर अडून राहते. जुना कधी आठवला तर ती उघडते. नाहीच आठवला, तर नवी रिकामी तिजोरी करून एकेका पोर्टलवर जाऊन पासवर्ड पुन्हा मागवावे लागतात. फायरफॉक्स आपले पासवर्ड या तिजोरीत ठेवत नाही, त्यामुळे त्याला हा फटका बसत नाही.

म्हणून पासवर्ड बदलून देण्याआधी मी पाच मिनिटं माणसाला शांतपणे आठवू देतो. घाईने दिलेला नवा पासवर्ड कधी कधी फार महाग पडतो.

दर महिन्याला बदलायला हवा ना?

हा समज आला तो अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेच्या २००३ च्या एका दस्तऐवजाच्या प्रभावातून. वारंवार बदला, कॅपिटल घाला, आकडा घाला, चिन्ह घाला. तो लिहिणारे बिल बर यांनी २०१७ मध्ये आपल्याला त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा पश्चात्ताप होत असल्याचं सांगितलं. त्याच वर्षी निस्टने नव्या मार्गदर्शनात ठरावीक मुदतीने बदलण्याची सक्ती करू नये असं म्हटलं. सक्ती केली की लोक काय करतात ते कुठल्याही ऑफिसात दिसतं. शेवटचा एक जाऊन दोन येतो, दोन जाऊन तीन. चोराला हे लोकांपेक्षा आधी कळतं.

पासवर्ड फुटल्याचा संशय आला तर त्याच दिवशी बदला. एरवी तो लांब ठेवा. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द रोमन अक्षरांत जोडले तर लक्षात राहतात आणि शोधायला कठीण जातात. अभंगाची किंवा गाण्याची ओळ नको, कारण ती दुसऱ्यालाही पाठ असते. तुमच्या क्षेत्राच्या नियमाने मुदत घालून दिली असेल तर ती पाळावीच लागेल. त्यासाठी चेज नावाची आज्ञा आहे, स्पेलिंग सी, एच, ए, जी, ई. ती त्या ओळीतल्या ९९९९९ च्या जागी हवा तो आकडा बसवते.

ॲडमिनने दिलेला पासवर्ड पुढे चालू ठेवणं मात्र मला मान्य नाही. तात्पुरता पासवर्ड देऊन पासडब्ल्यूडीला वजाचं चिन्ह आणि ई जोडून आज्ञा द्यावी. शॅडोच्या ओळीत तारखेच्या जागी शून्य येतं आणि पुढच्याच लॉगिनला माणसाला स्वतःचा नवा पासवर्ड ठेवावा लागतो. त्या खात्यातून जे होतं ते मशिनच्या नोंदींत त्याच्या नावावर जमा होतं. पासवर्ड दोघांना ठाऊक असेल तर उद्या काही घडल्यावर "हे मी केलं नाही" असं म्हणायचा त्याचा हक्क आपण काढून घेतलेला असतो.

माणूस नोकरी सोडून गेला

नोकरी सोडून गेलेल्याचा पासवर्ड बदलला की काम झालं, असं बरेच मालक समजतात. पासवर्डला कुलूप लावायची आज्ञा आहे, पासडब्ल्यूडीसोबत वजाचं चिन्ह आणि एल. ती हॅशच्या आधी एक उद्गारचिन्ह घालते. आता कुठलाही पासवर्ड दळला तरी त्याच्याशी जुळणार नाही. उद्गारचिन्ह काढलं की जुना पासवर्ड पुन्हा चालू.

पण सर्व्हरवर लोक बरेचदा पासवर्डशिवाय, एसएसएच किल्लीने शिरतात. एसएसएच म्हणजे दुरून दुसऱ्या मशिनमध्ये लॉगिन करायची सोय, आणि तिची किल्ली म्हणजे पासवर्डऐवजी चालणारी एक फाइल. त्या किल्लीचा या हॅशशी काही संबंध नाही. पासवर्ड बदला, त्याला कुलूप लावा, किल्ली असलेला माणूस घरून आत येतच राहतो. आधीपासून उघडं असलेलं सत्रही चालूच राहतं. म्हणून अशा वेळी खात्याचीच मुदत संपवायची, युजरमॉड या आज्ञेने. शॅडोच्या त्या ओळीत शेवटून दुसरी जागा मोकळी होती ना, तिथे गेलेली तारीख लिहिली जाते आणि किल्लीलाही नकार मिळतो. मग चालू सत्रं बंद करायची, त्याच्या होम फोल्डरातल्या लपलेल्या एसएसएच फोल्डरात ऑथराइज्ड कीज नावाची फाइल असते तिच्यातल्या किल्ल्या काढायच्या, आणि चार जण मिळून वापरत असलेलं एखादं सामाईक खातं त्याला ठाऊक होतं का ते विचारायचं. असेल, तर त्या खात्याचा पासवर्ड त्याच संध्याकाळी बदलायचा.